मी उपटून टाकलेले लघुग्रह

माझ्या मार्गदर्शकांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. हळूहळू उघड करत बसण्याइतका धीर माझ्याकडे नाही, आणि ते हे वाचतील याची भीतीही आता उरलेली नाही. आईचाही राग येतो, पण तो जुना आहे. सगळ्यांत ताजा राग माझा मलाच येतो, आणि तो कुठे ठेवायचा हे कळत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मुरबाडला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. अकरा वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावरच आहे. म्हणजे दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, समोर तीच तीन माणसं, आणि त्यांनी दर वेळी चष्मा पुसत विचारायचं, "तुमचं शिक्षण काय झालंय?" जणू मागच्या जूनपासून माझं शिक्षण कमी झालं असावं. कायम व्हायचं तर पीएच.डी. करा, असं प्राचार्यांनी तिसऱ्या वर्षी सांगितलं. लघुग्रह माझ्या डोक्यात आधीपासून होते, पण पीएच.डी.च्या नादी लागले ती कायम होण्यासाठीच. त्यात ज्ञानाची तहान वगैरे घुसडण्यात अर्थ नाही.

विषय असा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यातले काही सूर्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, सारख्याच तिरक्या आणि सारख्याच लांबट कक्षांमध्ये सापडतात. याचा अर्थ ते कधीकाळी एकच मोठा गोळा होते. दुसरं काहीतरी येऊन आदळलं आणि त्याचे तुकडे झाले. अशा तुकड्यांचं मिळून एक कुळ धरतात. त्याच्याबद्दल तीन गोष्टी शोधायच्या असतात: तुकडे कशाचे बनलेत, मूळ गोळा कसा होता आणि तो फुटून किती काळ झाला. माझ्या वाट्याला एक काळंकुट्ट कुळ आलं होतं. त्याचं वय काढायचं, एवढंच माझं काम.

कॉलेजात याची किंमत काय होती म्हणाल, तर वाणिज्य शाखेच्या एका सरांनी सहा वर्षांत मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, आपल्यावर पडणार नाय ना?" दर वेळी तोच प्रश्न, आणि दर वेळी आपणच पहिल्यांदा विचारतोय असं हसू. एकदा मी म्हटलं, "तुमच्यावर पडावा अशी फार इच्छा आहे." त्यानंतर दोन आठवडे बरे गेले.

मार्गदर्शकांचं सांगते. ते शहरातल्या विद्यापीठात. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे आधी एसटीने कल्याण आणि मग पुढचं सगळं. मी सकाळी सहाला निघायचे आणि साडेदहाला त्यांच्या दाराशी असायचे. ते मला साडेतीनला आत घ्यायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तिकडे इंटरनेट आहे का?" आहे म्हटल्यावर खात्री न पटल्यासारखे बघत राहिले. त्यांचे बाकीचे विद्यार्थी नावाने ओळखले जायचे. मी "मुरबाडच्या बाई" होते. चर्चासत्रात माझी ओळख करून देताना म्हणाले, "या आमच्या मुरबाडच्या बाई, या शेतीसुद्धा करतात." सगळे कौतुकाने हसले. मी काही शेती करत नव्हते. शेत आईचं होतं, खर्डीच्या पुढे, आणि माझं तिथे जाणं वर्षातून तीन-चारदा व्हायचं. पण मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

सहा वर्षांत त्यांनी माझी एकदाच स्तुती केली. कशाबद्दल केली ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिघडलं.

आमच्या खर्डीकडे उघडा कातळ आहे. संध्याकाळी त्याच्यावर बसलं की खालून धग लागते. ऊन उतरलेलं असतं, पण दगड दिवसभर घेतलेली उष्णता सोडत असतो. लघुग्रहाचंही तसंच. गिरकी घेता घेता तापलेली बाजू थोड्या उशिराने उष्णता सोडते, आणि त्या सोडण्याचा त्याला अगदी किंचित धक्का बसतो. गिरकी कुठल्या बाजूची आहे त्यावर तो सूर्याच्या दिशेने तरी सरकतो, नाहीतर बाहेर तरी. मोठा दगड कमी सरकतो, लहान जास्त. अशी कोट्यवधी वर्षं गेली की कुळ पसरतं. मग सगळे तुकडे कागदावर मांडायचे. मोठे खाली मधोमध राहतात, आणि जसजसे लहान तुकडे वर मांडत जावेत तसतसे ते दोन्ही बाजूंना फाकत जातात. इंग्रजी व्ही अक्षर तयार होतं. ते जेवढं उघडं, तेवढं कुळ जुनं.

अडचण एकच. पट्ट्यात गर्दी असते, आणि दुसरीकडचे दगडही येऊन त्याच जागेत बसतात. त्यांना घुसखोर म्हणतात. वय काढायच्या आधी त्यांना बाहेर काढावं लागतं, नाहीतर व्हीच्या कडा भलतीकडेच जातात. माझं कुळ कोळशासारखं काळं, पाणी मुरलेल्या मातीचं. त्यात मला बरेच तांबूस, जरा उजळ दगड दिसले. मी ते एकेक करून काढले. यादी केली आणि यादीच्या फाईलला "बाहेर" असं नाव दिलं. काळ्यांत तांबडा दिसला की हात आपोआप जायचा. महिनाभराचं काम मी नऊ दिवसांत संपवलं. मार्गदर्शकांनी आकृती बघितली. व्ही इतका स्वच्छ होता की त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात साफ आहे."

हात साफ होताच. लहानपणापासून होता. आमच्या खालच्या खाचरात देवभात माजायचं. देवभात म्हणजे रानातलं भात. दिसायला आपल्या भातासारखंच, पण दाणा पिकायच्या आत गळून पडतो आणि पुढच्या वर्षी खाचर त्याचंच होऊन बसतं. म्हणून आई त्या एका खाचरात जांभळ्या पानांचं भात लावायची. जांभळ्यात हिरवं दिसलं की ते देवभात. बेणणीला, म्हणजे तण काढायला, ती मला पुढे घालायची. सात-आठ वर्षांची असेन. "हिरवं दिसलं का उपट." मी भराभर उपटायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरीची नजर चांगली आहे. आईने कधी म्हटलं नाही, पण तिने मला कधीच काही चांगलं म्हटलेलं नाही, त्यामुळे त्यात काही विशेष वाटलं नाही. दहाव्या वर्षी मी हॉस्टेलला गेले आणि खाचर सुटलं.

प्रबंध द्यायला महिना उरला होता. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. अशा वेळी आईचा निरोप आला की बेणणीला माणूस मिळत नाही, दोन दिवस ये. मी फोनवरच भांडले. ती म्हणाली, "आकाशातल्या दगडांना टाइम हाय तुला." मी गेले. शहापूरपर्यंत जीप, तिथून खर्डी, तिथून रिक्षा. सगळा रस्ता मी तिला मनातल्या मनात बोलत होते, आणि बांधावर पोचल्यावर त्यातलं निम्मं उघड बोलले. तिने माझ्या हातात पावसाचं इरलं दिलं आणि वाकून कामाला लागली.

मीही लागले. जांभळ्यात हिरवं, उपट. जांभळ्यात हिरवं, उपट. तासाभराने आई मागून आली आणि माझ्या मुठीतली रोपं तिने हिसकावून घेतली.

"ह्ये काय उपटतेस?"

"देवभात. हिरवं हाय ना."

"एवढी शिकलीस, अजून रंगच बघतेस?"

मी म्हटलं, "तूच सांगितलंस ना, हिरवं दिसलं का उपट."

"तवा तू पोर होतीस. पोरांना तेवढंच समजतं." ती चिखलात बसकण मारून माझ्या मुठीतली रोपं वेगळी करायला लागली. "बियान्यात आपलं पन हिरवं असतंच थोडं. तुज्या मागून मी फिरायची. तू उपटलेलं निम्मं परत लावायची."

"मला कदी सांगितलं नाय."

"काय सांगायचं? मोठी झालीस का समजेल वाटलं. तू गेलीस निघून."

मला संताप आला. माणसं नजरेचं कौतुक करत होती आणि ही मागून माझं काम पुसत चालली होती. मी ओरडून विचारलं, "मग वळखायचं कसं?"

"उभं कसं रायतं ते बघायचं. देवभात पसरतं, कुठं पन आडवं होतं. आपलं ताठ रायतं, आपल्या वळीत रायतं." तिने एक हिरवं रोप माझ्यासमोर धरलं, ते ओळीतल्या जागेवर पुन्हा खोचलं आणि अंगठ्याने चिखल दाबला. "रंगावर काय नसतं गो."

मी तशीच उभी राहिले. पाय घोटाभर चिखलात, आणि डोक्यात "बाहेर" नावाची फाईल. त्या तांबूस दगडांचा मी फक्त रंग बघितला होता. ते व्हीमध्ये कुठे उभे आहेत हे मी एकदाही तपासलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसाची बेणणी टाकून मी निघाले. आई म्हणाली, "जा, तुजे दगड पलून जातील."

मुरबाडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीज दुपारी आली. मी काढलेले सगळे दगड परत मांडले. उपरे असते तर ते कुठेही विखुरले असते. ते तसे नव्हते. मोठे मधे, लहान कडांकडे, काळ्यांच्याच मोजमापात, आणि काही लहान तर काळ्यांच्याही पुढे, दोन्ही बाहूंच्या टोकांना. त्यांच्यासकट व्ही कितीतरी उघडा होत होता. मग रंगांचाही उलगडा झाला. मूळ गोळा आतून तापला असणार. बाहेरची साल काळी आणि पाण्याची राहिली, आतला गाभा भाजून कोरडा आणि तांबूस झाला. फुटला तेव्हा दोन्हीचे तुकडे उडाले. मी सालीचे तुकडे ठेवले होते आणि गाभ्याचे फेकले होते. कुळाचं वय मी काढलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघत होतं. तुकड्यांची घडण, मूळ गोळा आणि वय, तिन्ही गोष्टी मी एका हाताने चुकवल्या होत्या, आणि त्याच हाताची मार्गदर्शकांनी स्तुती केली होती.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर होते. या वेळी बाहेर बसले नाही, सरळ आत गेले. आकृत्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी बघितल्या. त्यांना दोन मिनिटांत समजलं, हे मान्य करायला हवं. मग विचारलं, "हे तुम्हाला आता कुठून सुचलं?"

"आईकडून."

"मग आईलाच गाईड करा," ते म्हणाले आणि हसले. शेजारी बसलेला त्यांचा लाडका विद्यार्थीही हसला. मी त्याला म्हटलं, "तुला कशाचं हसू फुटलं?" मार्गदर्शक मात्र मऊ झाले, आणि तो मऊपणा मला हसण्याहून जास्त लागला. म्हणाले, "बाई, हे नीट करायला वर्ष लागेल. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. नोंदणी गेली तर सगळं गेलं. आहे ते द्या. शेवटी एक परिच्छेद घाला, की काही तांबूस तुकडे या कुळातले असण्याची शक्यता आहे, तसं असल्यास वय वाढेल. एवढं प्रामाणिकपणाला पुरे."

मी तिथे पुष्कळ बोलले. तुम्हाला सहा वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही की मी हे कसे काढले? तुम्ही आकृतीचा स्वच्छपणा बघितला, दगड बघितलेच नाहीत. मला दिवसदिवस बाहेर बसवलंत त्यातला एक तास त्या यादीवर घातला असता तर? आवाज बाहेरपर्यंत गेला असणार, कारण मी निघाले तेव्हा शिपाई उठून उभा राहिला. परतीच्या एसटीत मला वाटत होतं की मी जिंकले.

तो परिच्छेद मी लिहिला. चांगला लिहिला होता. आणि प्रबंध बांधायला देण्याच्या आदल्या दिवशी मीच तो काढून टाकला.

हे कुणी मला सांगितलं नव्हतं. बाहेरचा परीक्षक तो परिच्छेद वाचेल, त्यावर बोट ठेवेल, मग तोंडी परीक्षा लांबेल, जून येईल, आणि पुन्हा ती तीन माणसं चष्मा पुसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मार्गदर्शकांनी अंतिम प्रतीवर सही केली. पानं उलटलीसुद्धा नाहीत. मी समोर उभी राहून बघत होते, आणि त्यांनी उलटावीत असं वाटत होतं की उलटू नयेत असं, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

तोंडी परीक्षा चाळीस मिनिटांत संपली. परीक्षकांनी व्हीचं कौतुक केलं. कॉलेजात सत्कार झाला, वाणिज्यच्या सरांनी हार घातला. प्राचार्यांनी मला कायम करण्याची फाईल मान्यतेसाठी वर पाठवली. मी आईकडे पेढे घेऊन गेले. तिने विचारलं, "मग किती वयाचे निघाले तुजे दगड?" मी प्रबंधातलं वय सांगितलं. तिला कोटी म्हणजे किती याची काही कल्पना नव्हती. तिने मान हलवली, पेढा अर्धा मोडला आणि म्हणाली, "बराबर मोजलंस ना?" मी हो म्हटलं. पुढे अडीच वर्षं माझं तिच्याशी साध्या साध्या गोष्टींवरून भांडण होत राहिलं. तिला वाटत असेल, डॉक्टर झाली म्हणून चढली.

मागच्या महिन्यात एका मुलीचं पत्र आलं. ती दुसऱ्या राज्यात संशोधन करते, मी तिला ओळखत नाही. तिने लिहिलं होतं की तुमच्या कुळाच्या वयावर मी माझं सगळं काम उभं करते आहे. हे कुळ फुटलं तेव्हाची धूळ पृथ्वीवर पोचली का, ते ती शोधते आहे. दोन वर्षं झाली, पण काळ जुळत नाही, माझंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. तुम्ही बाहेर काढलेल्या दगडांची यादी मिळेल का? पत्र अतिशय नम्र होतं. "आपल्या अचूक कामाबद्दल आदर आहे" असं तिने दोनदा लिहिलं होतं.

माझी फाईल अजून वरच होती. अजून आहे. मंजुरीची सही व्हायची आहे.

मी मार्गदर्शकांना फोन केला. खरं सांगायचं तर ते "देऊ नका" म्हणतील म्हणूनच केला. ते तसं म्हणाले असते तर दोष त्यांचा झाला असता, आणि मला त्यांच्यावर जन्मभर मनसोक्त चिडता आलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पाठवा की. आणि तुमचा तो शेवटचा परिच्छेद दाखवा तिला. बिचारी दोन वर्षं उगाच डोकं फोडतेय, प्रबंध पुरता वाचला नाही वाटतं."

त्यांना अजूनही वाटत होतं की तो परिच्छेद तिथे आहे.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दोन तास वर्ग घेतले. तेरावीला भिंगं शिकवली, काय शिकवलं देव जाणे. मग प्रयोगशाळेत येऊन "बाहेर" नावाची फाईल त्या मुलीच्या पत्राच्या उत्तराला जोडली. खाली नवं वय लिहिलं. ते तिच्या गणितात बसेल, हे मला लिहितानाच दिसत होतं. तुमचं काही चुकलेलं नाही, असंही लिहिलं. चूक झाली असं लिहून भागलं असतं, चुका सगळ्यांच्या होतात. शेवटी अजून एक ओळ घातली, पत्राची एक प्रत मार्गदर्शकांच्या नावे केली आणि पाठवून दिलं.

"हे सगळे दगड त्याच कुळातले आहेत. प्रबंध दिला तेव्हा मला ते माहीत होतं."